लाइटहाउस रोड, घर क्रमांक २६

॥ श्री ॥

रिकार्टन, क्राइस्टचर्च
१८ जानेवारी १९९६

ती. गुरुकाकांस कांचनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि मुग्धाने पाठवलेला तिळगूळ एकाच दिवशी मिळाला. तिळगूळ कडक, पत्र त्याहून कडक. फोन करत नाही म्हणून रागावू नका. फोन केला की तुम्ही नुसते ‘हो हो’ म्हणता आणि ऐकलेले काहीच नसते, हे तुमच्या लेकीनेच मला सांगून टाकले आहे. कानाला यंत्र लावायचे नसेल तर आपल्याला पत्रांवरच भागवावे लागेल.

आता मुख्य गोष्ट. अनिरुद्धला इंग्लंडला जाऊन तीन महिने झाले. इथे सहा वर्षांत त्याच्या पुण्याच्या डिग्रीला कोणी विचारले नाही. डॉक्टर माणूस मसाल्याच्या दुकानात पोती उचलत होता, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तिकडे स्कारमथ नावाचे गाव आहे, पूर्वेच्या किनाऱ्यावर. तिथे डॉक्टर टिकत नाहीत, म्हणून याला लगेच घेतले. नोकरी आता कायम झाली आणि त्याने एक घर पाहिले आहे. लाइटहाउस रोडवर, क्रमांक २६. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. सासूबाई ऐकूनच हरखल्या. रोज उगवत्या सूर्याला अर्घ्य देता येईल म्हणून त्यांनी आत्तापासून तांब्या घासून ठेवला आहे.

मी मात्र अजून हो म्हटलेले नाही. आमच्या इथल्या घराला गिऱ्हाईक आहे, त्याला फेब्रुवारीअखेर उत्तर हवे. एकदा हे घर गेले की परत यायला जागा नाही. बाबा गेल्यापासून तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही केलेले नाही. लग्नसुद्धा.

सोबत एक जाड गठ्ठा आहे, तो अनिरुद्धने खास तुमच्यासाठी पाठवला आहे. पुण्याच्या कलेक्टर कचेरीत तीस वर्षे मतदार याद्या केलेल्या माणसाला काय आवडेल हे जावयाला बरोबर कळते. स्कारमथ मतदारसंघाच्या इतिहासाची पुस्तिका आहे आणि लाइटहाउस रोडच्या पाच जुन्या मतदार याद्यांच्या झेरॉक्स. वाचा, आणि गाव कसे आहे ते मला सांगा. तुम्ही हो म्हणालात तर आमचे हो.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
कांचन


श्री गजानन प्रसन्न

हेन्डरसन, ऑकलंड
३ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. कांचनास गुरुकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गठ्ठा मिळाला. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर स्कारमथ पसरले आहे आणि मुग्धाच्या घरची माणसे ताटे मांडीवर घेऊन जेवत आहेत. सानिका येता-जाता इंग्रजीत विचारते की आजोबांना होमवर्क कोणी दिला. मी सांगतो, तुझ्या कांचनमावशीने. मग ती इथल्या पोरांसारखे ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘मस्तच’, म्हणून निघून जाते. आठ वर्षांच्या पोरीने आजोबांना असे म्हणावे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

तर ऐक. तुझा मतदारसंघ मोठा खानदानी आहे. सातशे वर्षांपूर्वी स्कारमथ हे हेरिंग माशांचे बंदर होते आणि लंडनच्या पार्लमेंटात दोन सभासद पाठवत होते. पुढे बंदर बुडाले, बाजार बुडाला, तीन चर्चे बुडाली, पण दोन सभासदांचा मान काही कोणी सोडला नाही. १८३२ साली सुधारणा झाल्या तेव्हा गावात एकंदर एकतीस मतदार होते. एकतीस मतदार आणि दोन सभासद! आपल्याकडे एका चाळीत यापेक्षा जास्त निघतात. तो मान गेला आणि त्रेपन्न वर्षांनी आसपासची खेडी जोडून पुन्हा मतदारसंघ मिळाला. मग रेल्वे आली, हवा खायला येणारी माणसे आली, त्यांच्यासाठी उत्तरेकडे हॉटेले झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सुट्टीवाल्यांची मोठी छावणी झाली. आता कोळी संपले, पेन्शनर आले. निवडून हुजूर पक्ष येतो, पण गेल्या खेपेला मजूर पक्षाने चांगलाच घाम फोडला. पुढच्या निवडणुकीला हद्दी पुन्हा बदलणार आहेत. एकूण गाव शांत, म्हातारे आणि नाकासमोर चालणारे दिसते.

आता एक तक्रार. मी तिथला साहेब असतो तर त्यांच्या यादी-कारकुनाला नोटीस काढली असती. लाइटहाउस रोडवर १९३१ च्या यादीत घरे एक ते चौसष्ट. १९५१ मध्ये छप्पन्नपर्यंत. १९६६ मध्ये अठ्ठेचाळीस, १९८३ मध्ये अडतीस आणि गेल्या वर्षी तीस. अरे, बाकीची घरे कुठे ठेवलीत? हद्दी बदलताना रस्त्याचा शेवट दुसऱ्या वॉर्डात ढकलला असणार किंवा नवे क्रमांक दिले असणार, आणि त्याची टीप द्यायचा कंटाळा केला. आमच्याकडे नाव काढायचे तर कारण लिहावे लागे : मयत, स्थलांतरित किंवा दुबार. कारणाशिवाय मी एक नाव खोडले नाही. असो, साहेबांचे राज्य.

एवढे एक सोडले तर मला खोट दिसत नाही. अनिरुद्धरावांना त्यांच्या विद्येचे काम मिळते आहे, यापेक्षा मोठे काय? घर घ्या. माझे हो आहे आणि मनापासून आहे. एक काम कर, त्या दीपगृहाचा फोटो सानिकाला पाठवायला सांग. पुस्तिकेत आहे, पण काळपट आला आहे.

तुझ्या सासूबाईंना, श्यामलाबाईंना नमस्कार. तुझ्यावरची माया आहेच.

गुरुकाका


॥ श्री ॥

रिकार्टन
२२ फेब्रुवारी १९९६

ती. गुरुकाकांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. एकतीस मतदारांवर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. तुमचे हो आले आणि माझ्या छातीवरचे ओझे उतरले. इथल्या घराचा व्यवहार नक्की केला. तीस मार्चला किल्ल्या द्यायच्या. तिकडच्या घराच्या कागदांवर अनिरुद्ध एकोणतीस मार्चला सही करेल. सहा एप्रिलला सासूबाई आणि मी निघू, आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. तिथून दोन तासांवर एक गुरुजी आहेत, ते एरवी बँकेत असतात.

दीपगृहाचे अनिरुद्धला विचारले. तो म्हणतो, रस्त्याला नाव आहे पण दीपगृह काही त्याला दिसलेले नाही, कोणाला तरी विचारून सांगतो. बस पूर्वी दारापर्यंत येत असे, ती आता कोपऱ्यावरच वळते, तेवढे सासूबाईंच्या गुडघ्यांना चालावे लागेल. घर विकणारा माणूस घाईत आहे. त्याने घर दाखवताना पूर्वेच्या खोलीत पाऊल टाकले नाही, दारातच उभा राहून आत बोट दाखवले. अनिरुद्धला वाटते, त्याची बायको त्या खोलीत गेली असावी. सासूबाईंना हे सांगितलेले नाही. शांत केली की झाले.

माझ्या नोकरीच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणींनी मला निरोप दिला आणि थंडी फार असते म्हणून लोकरीचे मोजे दिले, आठ जोड. आता घरात नुसती खोकी आहेत. मधेच रडू येते, पण ते आनंदाचेच समजा.

तुमच्या आशीर्वादावर सगळे चालले आहे.

कांचन


(हे पत्र पाठवले नाही.)

श्री गजानन प्रसन्न

हेन्डरसन
१६ मार्च १९९६

चि. सौ. कांचनास आशीर्वाद.

सही करू नका. अनिरुद्धरावांना आजच फोन करून सांग. सगळे थांबवा.

मी मोठी चूक केली आहे. आज पाचही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. नवे क्रमांक दिले असते तर जुन्या माणसांचे क्रमांक बदलले असते. पण अठ्ठावीस क्रमांकाला १९३१ पासून आजपर्यंत हॉलिस हेच कुटुंब आहे. आधी बाप, मग मुलगा आणि सून, आता एकटी सून. चौसष्ट वर्षे तोच क्रमांक. म्हणजे क्रमांक बदललेले नाहीत. आणि घरे गळाली ती प्रत्येक वेळी शेवटाकडूनच, मधले एकही नाही. रस्ता दुसऱ्या वॉर्डातही गेला नाही, कारण पुस्तिकेतल्या नकाशात त्या रस्त्यापलीकडे वॉर्डच नाही. समुद्र आहे.

मला हे पहिल्या दिवशी कळायला हवे होते. पानशेतचे धरण फुटले त्यानंतरची याद्यांची दुरुस्ती मी केली आहे. बावीस वर्षांचा होतो. नदीकाठच्या गल्ल्याच्या गल्ल्या माझ्या हाताने खोडल्या आणि प्रत्येक नावापुढे स्थलांतरित लिहिले. कारण फॉर्मवर रकाने तीनच होते. घरच नाही, असा रकाना नव्हता. तेव्हापासून माझ्या डोक्यात माणसे जातात, घरे जात नाहीत. साहेबाच्या कारकुनाला नावे ठेवली, पण चूक माझ्या डोक्यात होती.

हिशेब असा आहे. पहिल्या वीस वर्षांत एका बाजूची चार घरे गेली. नंतर चार जायला पंधरा वर्षे लागली, आणि शेवटची चार फक्त बारा वर्षांत. तुमच्या बाजूला आता तुमच्यापुढे दोनच घरे आहेत, अठ्ठावीस आणि तीस.

इतके लिहून दोन तास बसलो आहे. चार दिवसांवर पाडवा आला. नव्या घरात जायच्या तोंडावर मुलीला असले अशुभ कसे लिहावे? आमच्या आईने वास्तूच्या आधी कोणाला वाकडा शब्द काढू दिला नसता. शिवाय तुमचे तिथले घर विकले गेलेच आहे. आणि खरे सांगू, महिन्यापूर्वी मनापासून हो म्हटले ते आता माघारी घ्यायची लाज वाटते. माझा हिशेब चुकीचाही असेल. उद्या पुन्हा तपासतो.


श्री गजानन प्रसन्न

हेन्डरसन
१९ मार्च १९९६

चि. सौ. कांचनास अनेक आशीर्वाद.

उद्याच्या पाडव्याच्या तुम्हा सर्वांस शुभेच्छा. नव्या वास्तूत सुखाने नांदा. जाताना ऑकलंडच्या विमानतळावर तासभर थांबणार आहात, तेव्हा मुग्धा मला घेऊन येईल. श्यामलाबाईंसाठी डिंकाचे लाडू करून ठेवले आहेत.

एकच सुचवतो. वास्तुशास्त्राप्रमाणे पूर्वेची बाजू, विशेषतः ईशान्येचा कोपरा, हलका आणि मोकळा असावा. तिथे जड सामान, कपाटे, पलंग असे काही ठेवू नये. शक्यतो त्या खोलीत वावरच कमी ठेवावा. श्यामलाबाईंना आवर्जून सांग.

बाकी भेटीत.

गुरुकाका


॥ श्री ॥

२६, लाइटहाउस रोड, स्कारमथ
२८ एप्रिल १९९६

ती. गुरुकाकांस शि. सा. न. वि. वि.

वास्तुशांत छान झाली. बँकेतल्या गुरुजींनी होम केला आणि धुराने घरातला अलार्म वाजला, तरी त्यांनी मंत्र सोडला नाही. विमानतळावर तुम्ही फार गप्प होता. मुग्धा म्हणाली की वयाने हळवे झालात. माझाही पाय निघत नव्हता.

तुमचा वास्तुशास्त्राचा सल्ला सासूबाईंनी अगदी मनावर घेतला. त्या म्हणाल्या, गुरुनाथभाऊजी एरवी शास्त्राची थट्टा करणारे गृहस्थ. त्यांनी स्वतः ईशान्येचा उल्लेख केला म्हणजे त्यात काही आहे. ईशान्य म्हणजे देवांची जागा. मग पूर्वेची ती कोपऱ्यातली खोली पूर्ण रिकामी करून त्यांनी तिथे देवघर मांडले आणि देवांची यथासांग स्थापना करून घेतली. देव एकटे नकोत म्हणून स्वतःची गादीही तिथेच, जमिनीवर. पलंग नको असे तुम्ही लिहिले होते ना! आता सकाळी खिडकीत उभ्या राहून अर्घ्य देतात. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

शेजारी अठ्ठावीसमध्ये मिसेस हॉलिस नावाच्या आजी राहतात. वय ऐंशी, हातात काठी, बोलणे तुटक. पहिल्या दिवशी केक घेऊन आल्या आणि आम्ही किती दिवसांसाठी आलो ते विचारले. कायमचे, असे मी सांगितले तर केक ठेवून निघून गेल्या. दर रविवारी त्या स्वयंपाकघराच्या दारापासून कड्याच्या टोकापर्यंत पावले मोजतात आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आकडा लिहितात. गेल्या रविवारचा आकडा अकरा. त्याच्या वर चव्वेचाळीस, चाळीस असे कितीतरी. त्यांच्या पलीकडचे तीस नंबरचे घर आता नाही. गेल्या हिवाळ्यानंतर पाडले म्हणे. फाटक तेवढे उभे आहे, आणि फाटकामागे काही नाही.

मी त्यांना दीपगृह कुठे आहे ते विचारले. त्यांनी काठीने समुद्राकडे दाखवले. मला वाटले, लांबच्या एखाद्या बेटावर असेल. सानिकाला सांगा, फोटो मिळणार नाही.

काका, हे सगळे मी हसत हसत लिहायला बसले होते. आता वाचून पाहिले तर हसू येत नाही. तुम्हाला त्या याद्यांत काही दिसले होते का?

उत्तर लवकर लिहा.

कांचन


श्री गजानन प्रसन्न

हेन्डरसन
९ मे १९९६

चि. सौ. कांचनास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून याद्या पुन्हा काढल्या आणि काल माझ्या लक्षात आले. लाइटहाउस रोडची घरे समुद्रात गेली आहेत. कारकुनाची चूक नव्हती, माझी होती. सोबत हिशेबाचा कागद जोडला आहे. तो अनिरुद्धरावांना दाखव. माझ्या अंदाजाने तुमच्या घराला पाच-सहा वर्षे आहेत, पण कडा सावकाश झिजत नसतो, एकदम सुटतो. त्यामुळे पाच वर्षे धरून बसू नका, पाच महिनेही धरू नका.

आधी एक करा. श्यामलाबाईंची गादी आणि देव त्या खोलीतून आज हलवा. वाट्टेल ते कारण सांगा. मग गावात दुसरी जागा पाहा आणि कौन्सिलात जाऊन समुद्र अडवणारी भिंत कधी बांधणार ते विचारा. लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

मला रोज सकाळी वाटते की आज तुझे पत्र येईल. लेटर बॉक्स मी दिवसातून तीनदा उघडतो. मुग्धा मला हसते आणि मी तिला काही सांगत नाही.

जिवाला जपा.

गुरुकाका


॥ श्री ॥

स्कारमथ
६ ऑक्टोबर १९९६

ती. गुरुकाकांस सा. न. वि. वि.

पुढच्या शनिवारी तुमच्याकडे मतदान. यंदा नव्या पद्धतीने प्रत्येकाला दोन-दोन मते, म्हणजे तुमची दिवाळी आधीच आली. माझी दोन्ही मते तुम्हीच द्या, असे लिहिणार होते. पण तुम्ही मला कायदा ऐकवाल.

इथले लिहिते. जुलैत एका दुपारी मिसेस हॉलिसच्या परसातली पाच पावले जमीन गेली. आवाज फार झाला नाही, धान्याचे पोते ओतल्यासारखा. दुसऱ्या दिवशी कौन्सिलची माणसे आली आणि ऑगस्टमध्ये त्यांचे घर पाडले. आजी लेकीकडे गेल्या. जाताना चौकटीचे लाकूड उपसून बरोबर नेले. आता रस्त्यावर शेवटचे घर आमचे. आमच्या पूर्वेच्या भिंतीपासून टोक सतरा पावलांवर आहे. रविवारी आता मी मोजते.

तुम्ही सांगितले तसे आम्ही कौन्सिलात लेखी विचारले. तिथला माणूस सभ्य होता. त्याने सांगितले की भिंत उत्तरेला बांधली आहे, हॉटेले आणि छावणीसमोर. तिथे आठ हजार मतदार आहेत. आमच्या टोकाला एकोणतीस. एकोणतीस माणसांसाठी भिंत होत नाही. आणि उत्तरेच्या भिंतीने वाळू अडते, म्हणून आमच्याकडचा कडा जास्त वेगाने जातो, हेही त्याने लपवले नाही. मते कमी म्हणून भिंत नाही, आणि भिंत नाही म्हणून मते आणखी कमी. येत्या वर्षी निवडणूक आहे. दोन्ही पक्षांचे उमेदवार गावात फिरतात, पण बस वळते तिथेच तेही वळतात. तुम्ही एकतीस मतदारांवर लिहिले होते तेव्हा आम्ही किती हसलो होतो.

घर सोडायची नोटीस आली आहे, जानेवारीअखेरची मुदत. अनिरुद्धने चर्चच्या बाजूला दोन खोल्या पाहिल्या आहेत, पण त्या नाताळानंतर रिकाम्या होतील. खरी अडचण सासूबाईंची. त्या देवघरातून हलायला तयार नाहीत. स्थापना केलेले देव भीतीपोटी उचलायचे नसतात, म्हणतात. मी रागावले, रडले, अनिरुद्धने हात जोडले. त्यांचे एकच उत्तर. ही जागा गुरुनाथभाऊजींनी सुचवली आहे, आणि त्यांनी चुकीचे लिहिले असे एकदा त्यांच्याच तोंडून येऊ दे.

तुम्हीच त्यांना चार ओळी लिहा ना. तुमचे त्या ऐकतील.

कांचन


श्री गजानन प्रसन्न

हेन्डरसन
५ डिसेंबर १९९६

चि. सौ. कांचनास.

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर लिहिले नाही. आजारी नव्हतो. श्यामलाबाईंना चार ओळी लिहायच्या तर खरे लिहावे लागते, आणि ते लिहायचे धैर्य मी गोळा करत होतो.

मला मे महिन्यात कळले असे मी लिहिले, ते खोटे आहे. मला सोळा मार्चला कळले होते. सहीला तेरा दिवस होते. त्या दिवशी लिहिलेले पत्र सोबत पाठवत आहे. ते नऊ महिने माझ्या खणात होते. शुभकार्यात अपशकुन नको, असे मी स्वतःला सांगितले. तेवढेच असते तर तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी तरी लिहिले असते. मला माझा शब्द खोटा पडायला नको होता.

आणि ईशान्येचे मी लिहिले ते शास्त्र नव्हे. तुम्हाला त्या खोलीपासून दूर ठेवायचे होते आणि खरे सांगायचे नव्हते, म्हणून शास्त्राचा आडोसा घेतला. मला वास्तुशास्त्रातले ओ की ठो कळत नाही. हे पत्र श्यामलाबाईंना वाचून दाखव, शब्द न शब्द. गुरुनाथ भित्रा निघाला, खोटे बोलला, असे त्यांना कळू दे. माझी लाज राखू नकोस. त्यांनी आजच्या आज त्या खोलीतून उठावे, ही त्यांच्या पायाशी विनंती. देव उचलण्याचे पाप असेल ते माझ्या माथी.

इकडे या. ही खोली तुमची आहे. मी दिवाणखान्यात झोपेन.

तुझा अपराधी,
गुरुनाथ


चर्च स्ट्रीट, स्कारमथ
३ जानेवारी १९९७

ती. गुरुकाका,

वर श्री लिहिलेले नाही. मुग्धाला फोनवर सांगितले ते तिने तुम्हाला सांगितलेच असेल. फोनवर सांगता आले नाही ते लिहिते.

वीस डिसेंबर, शुक्रवार. दोन दिवस पाऊस लागून होता. सकाळी दहाला मी स्वयंपाकघरात नैवेद्याचे दूध तापवत होते. अनिरुद्ध दवाखान्यात. पूर्वेच्या खोलीतून पोथीचा आवाज येत होता. मग जमीन हलली, आणि आवाज थांबला. मी दार उघडले तर दारापुढे उंबऱ्याची पट्टी होती आणि त्यापुढे पाऊस. खोली नव्हती. खाली दगडमाती आणि पाणी एक झाले होते. सासूबाई तिसऱ्या दिवशी सापडल्या, उत्तरेला, भिंतीपाशी. अनिरुद्धने स्वतः ओळखले. तो तेव्हापासून माझ्याशी कामापुरते बोलतो.

तुमचे पत्र मला सतरा तारखेला मिळाले होते. तुमची दोन्ही पत्रे मी बसच्या थांब्यावर उभी राहून वाचली. घरी गेले तेव्हा सासूबाई दत्तजयंतीच्या सप्ताहाची तयारी करत होत्या. दुसऱ्या दिवशी पोथी सुरू व्हायची होती. सप्ताह बसला की सात दिवस आसन हलवायचे नसते. मी पत्र पर्समध्ये ठेवले. जयंती होऊ दे, मग वाचून दाखवू, सात दिवसांनी काय होते, असे मला वाटले. कड्याचे टोक त्या रविवारी नऊ पावलांवर होते. आणि आतून असेही वाटले की तुम्ही खोटे बोललात हे त्यांना कळू नये. त्या तुम्हाला फार मानत. पत्र मिळाले त्या संध्याकाळीच वाचले असते तर त्या उठल्या असत्या. तसे त्यांनी कबूल केले होते.

हे मी अनिरुद्धला सांगितलेले नाही. पत्र अजून पर्समध्ये आहे.

मार्चमध्ये तुम्ही मला कळवले असते तर मी आले नसते, काका. यात मला खोटे लिहिता येत नाही. खणात ठेवलेले ते पत्र मी वाचले तेव्हा तुमचा इतका राग आला की तुमच्याशी जन्मात बोलू नये असे वाटले. तीन दिवस तो राग पुरला. आता तो धरायलाही मला तोंड उरलेले नाही. मी तुम्हाला माफ केले, असे लिहायला हात उचलत नाही. मला माफ करा, असे कोणाला लिहू ते कळत नाही.

आम्ही तिकडे येणार नाही. अनिरुद्ध हे गाव सोडणार नाही म्हणतो. त्याची आई इथे आहे, म्हणतो. मीही त्याला सोडून येऊ शकत नाही.

लोभ असावा असे पत्राच्या शेवटी लिहायची रीत आहे. लोभ आहे, काका. तो काही केल्या कमी होत नाही, आणि त्याचाच फार त्रास होतो.

कांचन